गुप्त नोंद

“आत्ताच्या आत्ता कर,” मी म्हणाले. “चहा नंतर पी.”

तृप्तीनं कप खाली ठेवला. तृप्ती म्हणजे माझी सून. कॉम्प्युटरचं शिकलेली, बोलायला कमी, आणि मला नाही म्हणायचं असलं की आधी चष्मा पुसायची. आताही तिनं चष्मा काढून ओढणीला लावला.

“अक्का, दोन दिवस द्या. नीट करते.”

“दोन दिवसांत लोक साखरपुडा करून मोडतात. तुला चार नंबर झाकायचेत.”

कोरेगावात माझं वधूवर केंद्र होतं. पाटी दुसऱ्याच नावाची होती, पण सगळे अक्काचं केंद्र म्हणायचे. मी चौथी शिकलेली. वाचायचं ते बोट ठेवून, आणि लिहायचं म्हटलं तर सहीपुरतं. पण कुठल्या घरात सासू कशी आहे, कुठल्या पोराला पगाराहून मोठी मोटरसायकल आहे, कोण कुणाच्या दारावरून परत आलंय, हे सगळं माझ्या तोंडपाठ. आधी मी फोटो पिशवीत घालून फिरायची. तृप्ती घरात आली आणि तिनं केंद्राची साइट केली. मुलीमुलांचे फोटो, माहिती, सगळं मोबाइलवर. पुण्यामुंबईची स्थळं यायला लागली. मी गावभर सांगत फिरले की आमची साइट आहे, जशी काही मीच बसून विणली होती.

त्या सकाळी अंबवड्याहून एका मुलीच्या बापाचा फोन आला होता. कुणा भामट्यानं साइटवरून तिचा नंबर उचलला आणि तिला नको नको ते पाठवत होता. मुलगी दोन दिवस जेवली नव्हती. तो माणूस माझ्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

म्हणून मी तृप्तीला म्हटलं, मुलींचे नंबर कुणाला दिसायचे नाहीत. आणि हात लावतीच आहेस तर आणखी एक कर. माझ्याकडे काही नोंदी गुप्त असायच्या. सोडचिठ्ठी झालेल्या मुलींच्या, ठरलेलं मोडलेल्यांच्या. त्यांचे आईबाप मागच्या दारानं यायचे. म्हणायचे, अक्का, चारचौघांत नको, जोगं स्थळ आलं तर तुम्हीच हळूच दाखवा. मी शब्द द्यायची. त्या नोंदीही आता साइटवर घे, पण दिसायच्या फक्त आपल्या दोघींना.

“करता येईल,” तृप्ती म्हणाली. “पण थीममध्येच हात घालून नको.”

“थीम म्हणजे काय ते आधी बोल.”

“साइटचे कपडे समजा. हे आपण शिवलेले नाहीत, कंपनीनं शिवून दिलेत. मी त्यातच उसवून आपले टाके घातले, आणि उद्या कंपनीनं सुधारून नवे पाठवले, की जुने जातात. आपले टाके पण जातात.”

“मग नवे घ्यायचेच कशाला?”

“घ्यावे लागतात. जुन्यात भोकं सापडतात. चोर शिरतात त्यातून. म्हणून एक चाइल्ड थीम करतात. म्हणजे मूळ थीमची लेकच. आईचं सगळं तिच्यात येतं, आपण बदललेलं तेवढं फक्त तिचं स्वतःचं. मग आई किती का बदलेना, लेकीचं जात नाही.”

“आणि आईला विचारतं कोण?”

तृप्ती हसली नाही. “आधी साइटची एक प्रत काढते. त्या प्रतीवर सगळं करून बघते. बिघडलं तर प्रत बिघडेल, खऱ्याला धक्का नाही. मग खऱ्यावर चढवते. दोन दिवस, अक्का.”

“तिकडं एक पोरगी जेवत नाही आणि तू मला आई-लेकीच्या गोष्टी सांग. घाल टाके. आत्ता.”

तिनं चष्मा घातला आणि घातले टाके. तासाभरात नंबर गेले, गुप्त नोंदी आल्या आणि झाकल्या गेल्या. मी तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि म्हणाले, झालं की! एवढ्यासाठी दोन दिवस मागत होतीस.

“अक्का, मी लेक-थीम करेपर्यंत एवढं लक्षात ठेवा,” ती म्हणाली. “नवीन आवृत्ती आली असं दिसलं तर दाबायचं नाही. मला बसायला वेळ मिळाला की मी करते.”

वेळ मिळाला की. त्यानंतर उन्हाळी वाळवणं आली, पाहुणे आले, माझं गुडघ्याचं दुखणं आलं. ती लॅपटॉप उघडून बसली की मला काहीतरी आठवायचं. डाळ निवडायची आहे, बँकेत जायचं आहे. तिनं दोनदा मला आठवण केली. तिसऱ्यांदा केली नाही.

दिवाळीनंतर आमचा मेळावा असायचा. मंगल कार्यालय घ्यायचं, चार तालुक्यांतली माणसं यायची, मुलंमुली स्टेजवर येऊन ओळख करून द्यायची. त्या वर्षी पडदा लावायचं ठरलं. साइटवरच्या नोंदी एकामागून एक मागच्या पडद्यावर येणार आणि मी माइकवर बोलणार. माणिकराव जगदाळे आमचे अध्यक्ष. पांढरा सदरा, सोनेरी घड्याळ, आणि कुणाच्याही भांडणात आधी पाणी मागवणारा माणूस. ते म्हणाले, “अक्का, पडदा काय नि कागद काय. लोक तुमचं बोलणं ऐकायला येतात.” हे खरंच होतं, आणि मला ते ठाऊकही होतं.

आदल्या दिवशी माझी लेक वैजू आली. वैजयंती. सांगलीला दिली होती. नवरा इंजिनियर, दुमजली घर, आणि सासू अशी की बोलायला लागली तर गल्लीतली कुत्री उठून जातील. दर सणाला वैजू एकटीच यायची. जावई कामात. मी म्हणायची, असू दे, कामाचा माणूस आहे.

“जावई उद्या तरी येणार का?” मी विचारलं.

“नाही जमणार,” ती म्हणाली, आणि तृप्तीच्या हातातली परात घेऊन आत गेली.

तिची बॅग दोन दिवसांच्या मानानं मोठी होती. ती मला दिसली. दुसऱ्याच्या लेकीची असती तर मी ती बॅग बघूनच घर ओळखलं असतं. माझीच होती, म्हणून म्हटलं, हिला साड्यांचा सोस.

मेळाव्याच्या दिवशी तृप्ती पहाटेच कार्यालयात गेली, पडदा आणि वायरी बघायला. वैजूही तिच्याबरोबर गेली. लॅपटॉप दोन होते. एक ती घेऊन गेली, एक घरी माझ्यासाठी उघडून ठेवला. कारण आमची रीत अशी होती की रोज सकाळी मी नवीन अर्ज बघायची. डाव्या बाजूला नावांची रांग, आणि ज्या नावापुढं तांबड्या गोलात आकडा आला असेल तिथं कुणीतरी थांबलेलं आहे. मी एकेक उघडायची, फोटो बघायची, घराणं आठवायची, आणि ‘मंजूर’ दाबायची. गोल पुसला गेल्याशिवाय मी तोंडात घास घालत नसे. कुणाची मुलगी आपल्या दारात ताटकळत उभी आहे, असंच मला तो गोल बघून वाटायचं.

त्या सकाळी अर्ज मंजूर केले. अर्जांपुढचा गोल गेला. पण खाली आणखी एक तांबडा गोल होता. त्यात एक.

मी बोट ठेवून वाचलं. नवीन आवृत्ती उपलब्ध. खाली बटण, अद्ययावत करा.

तृप्तीचं बोलणं मला आठवलं नाही, असं मी म्हणणार नाही. अर्धवट आठवलं. पण मेळाव्याच्या दिवशी माझ्या दारात एक तांबडा गोल तसाच ठेवून मी जायचं? शिवाय सुनेनं सांगितलं दाबू नका, म्हणून सासू बटणाला घाबरते की काय? मी दाबलं. एक पट्टी सरकली. मग अक्षरं आली, यशस्वी. गोल गेला. मी नऊवारी नेसले, मोत्याची नथ घातली आणि निघाले.

कार्यालय भरलेलं होतं. पुढच्या खुर्च्यांवर बायका, त्यांच्या मांडीवर पर्सा. मागं पुरुष, मोबाइल बघतोय असं दाखवून मुली बघणारे. वैजू दाराशी टेबलावर बसून येणाऱ्यांना बिल्ले देत होती. तृप्ती स्टेजच्या कडेला लॅपटॉपजवळ.

मी पडद्याकडे पाठ करून बोलायची. मला बघावं लागत नव्हतं, सगळं पाठ होतं.

“हा आमचा विक्रांत,” मी म्हणाले. “उंची सांगतो त्यातून बूट वजा करा, पगार सांगतो त्यातून हप्ता वजा करा. उरेल ते खरं सोनं आहे. आईला स्वतः चहा करून देतो, मी डोळ्यांनी बघितलंय.”

हॉल हसला. विक्रांतची आई सगळ्यांत जास्त हसली. माणिकरावांनी मान डोलावली. आधी सगळे मुलगे, असं तासभर चाललं. माझा आवाज असा लागला होता की माइक नसता तरी बाहेरच्या पानवाल्याला ऐकू गेला असता.

मग मी मुलींची ओळख सुरू केली आणि समोर काहीतरी बिनसलं. लोक माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या डोक्यावरून मागं बघत होते. एक बाई शेजारणीच्या कानात काही बोलली. तिसऱ्या रांगेत नलवडे गुरुजी उभे राहिले. शाळेतून निवृत्त झालेला सरळ माणूस. त्यांचे हात खुर्चीच्या पाठीवर होते.

मी वळले.

पडद्यावर त्यांच्या मुलीचा फोटो होता. मेघना नलवडे. खाली ठसठशीत अक्षरांत, घटस्फोटित. त्याखाली तिचा फोन नंबर.

ही गुप्त नोंद होती. गुरुजी मागच्या दारानं आले होते, बायकोला घेऊन. मी त्यांना माझ्या तोंडानं शब्द दिला होता. आणि शब्द देता देता आणखी काय बोलले होते तेही मला त्या क्षणी आठवलं. मी त्यांच्या बायकोला म्हणाले होते, “पोरीनं जरा सोसायचं की, वहिनी. आमची वैजू बघा. सांगलीची सासू म्हणजे तोफ आहे तोफ. पण नांदतेय का नाही?”

माझं अंग तापलं. आणि मला ताप आला की तो उतरवायला मला दुसरं कुणीतरी लागतं.

“तृप्ती!” मी माइकवरच ओरडले. “काय केलंस हे? एवढं साधं काम जमत नाही? शिकलेली म्हणून घरात आणली आणि लोकांच्या लेकीबाळी उघड्यावर मांडल्यास?”

सगळा हॉल तिच्याकडे बघायला लागला. तिचा चेहरा पांढरा झाला होता. बोटं भराभर चालत होती. तिनं मान वर केली आणि फक्त मला ऐकू येईल इतकंच बोलली.

“अक्का, सकाळी तुम्ही काही दाबलं का?”

 माझ्या हातात माइक होता आणि पहिल्यांदाच तो मला जड लागला.

“कंपनीची नवीन थीम आलीय,” ती म्हणाली. “आपले टाके गेले. मागची प्रत आहे माझ्याजवळ, चढवते. पाच मिनिटं.”

तेवढ्यात पडदा आपोआप पुढं सरकला. तो तसाच लावलेला होता, थोड्या थोड्या वेळानं पुढची नोंद. पुढची नोंद आली.

वैजयंती. निळ्या साडीतला फोटो. गेल्या वर्षी आमच्याच गच्चीवर काढलेला, मागं माझे पापड वाळत होते. खाली तीच ठसठशीत अक्षरं, घटस्फोटित.

 मी समोर बघितलं. तेव्हा जे दिसलं ते मी अजून विसरले नाही. कुणाच्या तोंडावर नवल नव्हतं. कुणी शेजारणीला कोपर मारलं नाही, कुणी ‘अगंबाई’ म्हटलं नाही. ते पडद्याकडे बघतच नव्हते. सगळे माझ्याकडे बघत होते.

अर्ध्या हॉलला माहीत होतं. चार तालुक्यांच्या भाकऱ्या कुठं करपतात ते सांगणारी मी, आणि माझ्या चुलीवरचं गावाला ठाऊक, मला नाही. सांगणार कोण? कुणाची छाती होती?

वैजू दाराशी उभी होती. हातात बिल्ल्यांचा डबा. ती पळाली नाही, खाली बघितलं नाही. माझ्याकडे बघत राहिली.

माणिकराव पटकन माझ्याजवळ आले. माइकवर हात ठेवून कुजबुजले, “अक्का, मशिनची चूक आहे म्हणा. नमुन्यादाखल घरचा फोटो टाकला होता म्हणा. लोक मानतील. पाणी मागवू का?”

लोकांनी मानलं असतं. माझ्या जिभेची भीती एवढी होती की मी रात्र आहे म्हटलं असतं तर त्यांनी जांभया दिल्या असत्या. स्टेजच्या कडेला तृप्तीनं पडद्याच्या मशिनची वायर हातात धरली होती. ती माझ्याकडे बघत होती, ओढू का म्हणून.

आणि मी काय केलं? माझ्या अंगात आलं. मला वाटलं, ती माझी, या द्वारका फडतऱ्याची लेक आहे. लपवायला तिनं चोरी केली नाही. मी लपवणार नाही. मी दाखवून देते की मला लाज नाही.

मी माणिकरावांचा हात बाजूला केला.

“चूक नाही,” मी म्हणाले. “माझी लेक आहे. नीट बघा सगळ्यांनी. नसेल वाचता येत तर मी वाचून दाखवते.”

आणि मी पडद्याकडे वळून, बोट पुढं करून, वाचायला लागले. मोठ्यानं. मला तसं वाचायला वेळ लागतो. एकेक शब्द सुटा करून हॉलच्या शेवटच्या भिंतीपर्यंत पोचवत गेले.

“नाव, वैजयंती. शिक्षण, बी. कॉम. नोकरी, इस्लामपूरला, पतसंस्थेत.”

इस्लामपूरला. मला हे माहीत नव्हतं. मी तिला सांगलीच्या घरात धरून चालले होते, आणि ती तिथं नव्हतीच.

“दीड वर्षापासून वेगळी. कायदेशीर घटस्फोट झालेला.”

मागं कुणीतरी खोकलं. माझा आवाज कापला, म्हणून मी तो आणखी चढवला. हे दाखवायला की मी खचले नाही.

“अपेक्षा.” प्रत्येक नोंदीत हा शेवटचा रकाना असतो. मुली लिहितात निर्व्यसनी, स्वतःचं घर, पुणे किंवा मुंबई. मी बोट पुढं सरकवलं. “घर लहान चालेल. घरात... हळू बोलणारी... माणसं असावीत.”

माझ्याच आवाजात ते वाक्य भिंतीवर आदळून परत आलं.

नंतर कुणी टाळी वाजवली नाही. मला वाटतं मी टाळीची वाट बघत होते. तृप्तीनं वायर ओढली, पडदा काळा झाला. माणिकराव म्हणाले, जेवणं उरकून घेऊ. खुर्च्या सरकल्या.

मी स्टेजवरून उतरून आधी नलवडे गुरुजींकडे गेले. हात जोडले. 

“चूक माझी,” मी म्हणाले. “सुनेची नाही. बटण मी दाबलं.”

गुरुजींनी माझे जोडलेले हात खाली केले. “यंत्राचं मी धरून बसणार नाही, अक्का,” ते म्हणाले. “होतं. पण तुमच्या लेकीचं तुम्ही का वाचलंत? माझ्या मुलीचं यंत्रानं दाखवलं. तुमच्या मुलीचं तुम्ही दाखवलंत.”

ते बायकोला घेऊन न जेवता गेले. मी तिथंच उभी राहिले. मला वाटत होतं मी लेकीच्या मागं उभी राहिले होते, भर हॉलमध्ये, ताठ मानेनं. गुरुजींनी ते एका वाक्यात उलटं करून माझ्या पुढ्यात ठेवलं.

तृप्ती लॅपटॉप मिटत होती. ज्या माइकवरून तिला बोलले त्याच माइकवरून माघार घ्यायला हवी होती. माइक बंद झाला होता आणि माणसं पंगतीत बसली होती.

“जुनी प्रत चढवली,” ती खाली बघत म्हणाली. “आता दिसत नाही काही.”

“पुन्हा होईल?”

“लेक-थीम केली नाही तर होईल. नवीन आवृत्ती घ्यावी तर लागतेच.”

“वैजूचं तुला माहीत होतं.”

“वन्संनीच नोंद पाठवली होती. गुप्त ठेव, अक्कालाही दिसू देऊ नको म्हणाल्या, म्हणून तुमच्यापासूनही झाकली.” तिनं चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरला. “मी शब्द दिला होता, अक्का.”

शब्द तिनं दिला होता, तसा मीही दिला होता. तिनं पाळायची सोय मागितली होती, दोन दिवस. मी म्हणाले, “उद्यापासून बस. घरातलं मी बघते. किती लागतील तेवढे दिवस घे.” ती हो म्हणाली, आणि त्या हो-मध्ये राग नव्हता, हे मला जास्त लागलं. पुढं तिनं ते काम नीट केलं. आधी प्रतीवर, मग खऱ्यावर. आता केंद्र तीच चालवते, आणि त्यानंतर इतक्या वर्षांत कुणाची झाकलेली नोंद उघडी पडली नाही.

वैजू कार्यालयाच्या मागं होती. मोठी पातेली घासायची जागा असते तिथं, तांदळाच्या पोत्यांवर बसलेली. पलीकडे दोन बायका राखेनं भांडी घासत होत्या. बिल्ल्यांचा डबा अजून तिच्या मांडीवर होता.

“वाचायची काय गरज होती?” ती म्हणाली.

“मी लपवायचं कशाला? माझी लेक आहेस. मी घाबरते की काय कुणाला?”

“तुला कोण घाबरवतंय?” ती हळूच म्हणाली. ती नेहमीच हळू बोलायची, आणि मी नेहमीच म्हणायची, अगं जरा तोंड उघडून बोल. “तृप्ती वायर धरून उभी होती, अक्का. तू नुसती मान हलवायची होतीस. तेवढंच हवं होतं मला.”

“मला का नाही सांगितलंस?”

“आले होते सांगायला. आधी न कळवता, सांगलीहून थेट. तू मागच्या पडवीत नलवडे गुरुजींच्या बायकोशी बोलत होतीस, पुढच्या दारापर्यंत ऐकू येत होतं. आमची वैजू बघा म्हणत होतीस, नांदतेय का नाही.” तिनं डब्याचं झाकण लावलं. “मी दारात उभी होते. चप्पल काढलीही नव्हती. तशीच स्टँडवर परत गेले.”

मला सांगायचं होतं की मला माहीत असतं तर मी तसं बोलले नसते. पण ते खोटं होतं, मी आणखी मोठ्यानं बोलले असते. मला विचारायचं होतं, त्या घरात तुला काय झालं, इस्लामपूरला कुठं राहतेस, जेवायला कोण आहे सोबत.  पण मी तोंड उघडलं की त्या बायका माना वळवणार, हे मला कळत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझा आवाज बाहेरून ऐकू येत होता.

मी तिच्या शेजारी पोत्यावर बसले. गप्प. नळाचं पाणी वाहत होतं. पंगतीतून वाढप्यांच्या हाका येत होत्या. वैजू डब्याचं झाकण उघडत होती, लावत होती.

बऱ्याच वेळानं तिनं माझ्याकडे बघितलं.

“अक्का, रडतेस?”

“नाही,” मी म्हणाले.

तेवढा एक शब्दही असा निघाला की भांडी घासणाऱ्या बायकांचे हात थांबले.